टिगची टेस्ट फेल गेली, एजंटला पैसे द्यावेत का?

नमस्कार काका, पत्र वाचलं. मुलाने आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड केलाय, दोन वर्षं भोसरीत कॉन्ट्रॅक्टवर मिग वेल्डिंग मारतोय, टिग वेल्डिंगच्या परमनंट जागेसाठी टेस्टला गेला आणि रूटमधे, म्हणजे जोडाच्या सगळ्यात आतल्या पहिल्या थरात, फेल झाला, आता एजंट म्हणतोय ऐंशी हजार द्या, चिकटवून देतो. एक रुपया देऊ नका, हात जोडून सांगतो. टिगच्या भरतीत बोलणं पाच-दहा मिनिटांचं, निवड होते ती वेल्डिंगच्या बूथमधे.

मी अशा टेस्टला उभं राहून बघितलंय. पाईप 45 डिग्रीत तिरका फिक्स करतात, त्याला सिक्स जी म्हणतात, पाईप हलवायचा नाही, पोरानेच वाकून, गुडघ्यावर बसून भोवती फिरायचं. आर्क मारायच्या आधीच तपासणारा बघत असतो की टंगस्टनचं, म्हणजे टॉर्चमधल्या आर्क देणाऱ्या कांडीचं, टोक लांबीत घासलं का गोल फिरवून, दोन पाईपांमधला गॅप सगळीकडं सारखा आहे का, आणि एसएस (स्टेनलेस स्टील) असेल तर पाईपच्या आत अर्गॉन गॅस सोडून पर्जिंग केलं का, म्हणजे आतली हवा बाहेर घालवली का. नंतर बॅटरी लावून आत डोकावतो. पर्जिंग नसेल तर रूट आतून काळा, जळक्या साखरेसारखा खरबरीत दिसतो, वरून वेल्डचा मणी कितीही देखणा असो. टंगस्टन वितळलेल्या धातूत टेकलं असेल तर एक्सरेत पांढरा ठिपका येतो, तो काही कुणाच्या ओळखीने पुसला जात नाही.

तुमचा पोरगा कमी पडला असं मला वाटत नाही. मिगमधे वायर आपोआप येते, टिगमधे एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हाताने फिलर (जोडात भरायची तार) थेंबाथेंबाने द्यायचा, तो हात बसायला महिने लागतात. त्या ऐंशी हजारातले थोडे पैसे पाईपचे तुकडे, गॅस आणि बूथच्या प्रॅक्टिसवर घाला. आहे तिथंच शिफ्ट संपल्यावर टिगवाल्यासोबत टॅक (जोड धरून ठेवणारे छोटे टाके) मारायला मिळतात का ते त्याने विचारावं.

अजून एक, एएसएमई सेक्शन नाईनमधे, म्हणजे वेल्डरच्या पात्रतेच्या अमेरिकन नियमावलीत, सहा महिने त्या प्रोसेसचं काम केलं नाही तर क्वालिफिकेशन संपतं, त्यामुळं नुसतं सर्टिफिकेट विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. आणि सिलेक्शन झालं की ऑफर लेटर कंपनीच्या नावाचं आहे का कॉन्ट्रॅक्टरच्या, पीएफ कोण भरणार, हे सही करायच्या आधी बघा, परमनंट म्हणून बोलावून कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर टाकलेली पोरं मी पाहिलीत.

त्याला आज एवढंच विचारा, रूट नेमका कुठं गेला, पाईपचं तोंड घड्याळ धरलं तर खाली सहाच्या काट्याला आत ओढला गेला का वर बाराला गळला, आणि मला कळवा, प्रॅक्टिस तिथूनच लावू.