मुलीचा नकार आणि आईची सही

पत्र: माझ्या 11 वर्षांच्या मुलीला टाइप 1 मधुमेह आहे. तिच्या डॉक्टरांनी एका संशोधनासाठी तिचे नाव सुचवले आहे. त्यात काही महिने रोज डायरी लिहायची आणि मुलाखती द्यायच्या आहेत. ती म्हणते, “मला नाही करायचं.” कारण विचारले तर म्हणाली, “शाळेतून आल्यावर तू आधी साखर विचारतेस, मग मला.” पतींच्या मते सही पालकांचीच लागते, तिला काय कळते? डॉक्टरांना नाही म्हणण्याचा मला संकोच वाटतो. सही करू का? – एक आई

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आज सही करू नका. पालकांची सही लागते हे तुमच्या पतींचे म्हणणे खरे असले, तरी तेवढ्याने काम भागत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेने 1964 मध्ये स्वीकारलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या, माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यानुसार, जे मूल आपली सहमती सांगू शकते त्याची सहमती पालकांच्या परवानगीखेरीज वेगळी घ्यावी लागते आणि त्याच्या नकाराचाही मान राखायचा असतो.

अर्थात, औषधोपचाराची गोष्ट निराळी आहे. इन्सुलिनवाचून तिचा जीव धोक्यात येईल, त्यामुळे ते घ्यायचे की नाही हे तिच्यावर सोडता येत नाही. पोटावर टोचायचे की मांडीवर, एवढे मात्र तिला ठरवू द्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे 12 वे कलमही मुलांच्या मताला वय व समज पाहून योग्य वजन द्या असे सांगते, अखेरचा शब्द प्रत्येक वेळी त्यांचाच असेल असे म्हणत नाही. तुम्ही वर्णन केलेल्या अभ्यासातून मात्र तिच्या उपचारात काही भर पडणार नाही, त्याचा लाभ झालाच तर पुढच्या मुलांना होईल. अशा कामाला नाही म्हणण्याची तिला पूर्ण मोकळीक असली पाहिजे.

“तिला काय कळते” याबद्दल थोडे सांगते. मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ महिलेने 1970 च्या दशकात रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांचा रुग्णालयात राहून अभ्यास केला. आपण मरणार आहोत हे त्या मुलांना कोणी सांगितलेले नव्हते, तरी ते त्यांना कळले होते आणि आईवडिलांना जपण्यासाठी ती गप्प राहत होती. तेव्हा समजेचा प्रश्न मला फारसा पडत नाही.

तिने दिलेले कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या मुलीचा दिवस आकड्यांनी मोजला जातो, तिला आणखी एक मोजणारा नको असेल. कदाचित डायरी आई वाचेल, आणि चोरून खाल्लेल्या गोष्टीवरून किंवा घरातल्या भांडणाबद्दल लिहिले म्हणून बोलणी खावी लागतील, अशीही धास्ती असेल. हा माझा तर्क आहे. खरे काय ते तीच सांगू शकेल. मात्र “का नाही?” असे दरडावून विचारू नका, “यातले नेमके काय नको वाटते?” असे विचारा, आणि तिचे उत्तर नकारच राहिले तर ते स्वीकारण्याची तयारी असेल तेव्हाच विचारा. निर्णय आधीच घेऊन मुलांचे मत विचारण्याचा देखावा मोठी माणसे फार करतात. मुलांचा सहभाग किती खरा आहे हे पायरीपायरीने दाखवणारी ‘सहभागाची शिडी’ 1992 मध्ये मांडणाऱ्या रॉजर हार्ट यांनी अशा नावापुरत्या विचारपुशीला सहभागच मानलेले नाही. होकारासाठी बक्षिसाचे आमिषही नको.

ती तयार असेल तर संशोधकांनी थेट तिच्याशी बोलावे. डायरी कोण वाचणार, एखादा प्रश्न टाळता येईल का, मुलाखतीच्या वेळी आई खोलीत असेल का आणि मध्येच थांबता येईल का, हे तिला तिच्या भाषेत समजले पाहिजे. तिच्या जिवाला धोका असल्याचे काही कळल्यास ते गुप्त ठेवले जाणार नाही, हेही तिला आधीच सांगायला हवे. एवढ्यावर ती हो म्हणाली तर आनंदाने सही करा. पुढे तिचे मन बदलले तर तेही चालेल.

ती नाहीच म्हणाली, तर डॉक्टरांकडे तिच्या हट्टाची तक्रार न करता “आम्ही भाग घेणार नाही” एवढेच कळवा. या नकाराने उपचारात किंवा वागणुकीत फरक पडता कामा नये, असे तोच जाहीरनामा बजावतो. शक्य असेल तर पुढच्या तपासणीपूर्वी फोनवरच कळवा, म्हणजे तपासणीच्या खोलीत तिच्यासमोर त्या विषयाची चर्चा होणार नाही.