एक म्युझियम बांधलं की शहर पालटतं का?

प्रश्न : जो तो स्पेनमधल्या बिलबाओ शहराचं उदाहरण देतो. एक म्युझियम उभं राहिलं आणि डबघाईला आलेलं शहर पार बदललं म्हणे. इतकं सोपं असेल तर सगळीच शहरं हेच का नाही करत? आणि फायदा झालाच तर साध्या माणसाला होतो, की फक्त हॉटेलवाले आणि बिल्डर लोकांना?

उत्तर : बऱ्याच शहरांनी करून बघितलंय की, आणि हात पोळून घेतलेत. बिलबाओची गोष्ट लोक १९९७ पासून सांगतात, आर्किटेक्ट फ्रँक गेरीचं ते टायटॅनियमचं चकचकीत गुगेनहाइम म्युझियम उघडलं तिथून. आधीचं कोणी बोलत नाही. तिथली जहाजबांधणी आणि पोलाद ऐंशीच्या दशकात बसलं, त्यात १९८३ चा पूर, मग त्यांनी आधी नदीत जाणारं सांडपाणी आवरायला घेतलं, बंदर हळूहळू समुद्राच्या तोंडाशी हलवलं, १९९५ ला मेट्रो सुरू केली, आणि हे सगळं चालू असतानाच नदीकाठच्या जुन्या औद्योगिक जमिनीवर म्युझियम आलं. फोटोत गटारं दिसत नाहीत, म्हणून क्रेडिट सगळं बिल्डिंगला!

त्याच स्पेनमध्ये सँटियागो दे कॉम्पोस्टेलाला शहराबाहेरच्या टेकडीवर 'सिटी ऑफ कल्चर' काढली. आर्किटेक्ट पीटर आयझेनमन, म्हणजे नाव तिथेही मोठंच. पण खर्च अंदाजाच्या दुपटीच्याही वर गेला आणि २०१३ ला उरलेल्या दोन इमारती रद्दच करून टाकल्या.

मला विचाराल तर फ्रान्समधलं नांत शहर बघा. तिथल्या नदीतल्या बेटावरची जहाजांची शेवटची गोदी १९८७ ला बंद झाली. आता त्याच जुन्या शेडमध्ये लाकूड आणि लोखंडाची अजस्र यंत्र-जनावरं बनतात. २००७ पासून १२ मीटर उंच हत्ती पाठीवर माणसं घेऊन तिथे फिरतो, सोंडेतून पोरांच्या अंगावर पाणी उडवतो, आणि वर्कशॉपात वेल्डिंग-सुतारकाम चाललेलं लोक वरच्या गॅलरीतून बघतात. म्हणजे हातकाम त्याच जागेवर राहिलं, नुसता तिकीट काउंटर आला नाही. शिवाय शहरभर जमिनीवर हिरवी रेघ मारलीय, ती धरून चालत गेलं की गल्लीबोळातल्या कलाकृती बघत फिरता येतं, त्यामुळे येणारा माणूस एका बिल्डिंगपाशी सेल्फी काढून परत जात नाही.

प्रश्न : मग भाडी वाढून कलाकारच हाकलले जातात त्याचं काय?

उत्तर : ते होतंच, उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात रिकाम्या कारखान्यांत स्वस्तात जागा मिळते म्हणून चित्रकार घुसले, १९७१ ला तिथे राहायची कायदेशीर परवानगीही मिळाली, पुढे एरिया फेमस झाला आणि महागड्या ब्रँडची दुकानं आली. जागा कोणाच्या मालकीची हाच खरा मुद्दा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१३ ला यासाठीच एक ट्रस्ट निघाला, कम्युनिटी आर्ट्स स्टॅबिलायझेशन ट्रस्ट, तो इमारती विकत घेऊन कलासंस्थांना परवडेल अशा दरात देतो. पण हे भाव चढायच्या आधी करावं लागतं, नंतर ट्रस्टला तरी कुठून परवडणार. तेव्हा तुमच्यासमोर असला कुठला प्लॅन आला तर त्यातलं थ्रीडी चित्र राहू द्या बाजूला, जमिनीचा मालक कोण आणि पाचव्या वर्षी पगार-मेंटेनन्सचा खर्च कुठून येणार एवढं लिहिलंय का ते बघा. बहुतेक वेळा नसतं.