वरच्या गटात टिकण्याविषयी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर सराव करणारा आपला फुटबॉल संघ नागपूरच्या लीगमध्ये वरच्या गटात गेला, त्याचे कौतुक गावात पुष्कळ झाले आहे, म्हणून मी ते इथे वाढवत नाही. तू आता संघाचा सचिव आहेस, आणि पुढच्या हंगामात आपण टिकू का, टिकण्याची शक्यता किती टक्के, असे तू विचारले आहेस. टक्केवारी मी सांगणार नाही, आणि कोणी ती छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचे ऐकूही नकोस. मात्र तुझ्या पत्राची दोन पाने गतविजेत्यांना कसे थोपवायचे याच विवंचनेने भरलेली पाहून मला काळजी वाटली, कारण नव्याने वर आलेला संघ गतविजेत्यांकडून हरल्यामुळे खाली जात नाही. तो आपल्यासारख्याच तीन-चार संघांकडून हरल्यामुळे खाली जातो.

तू रात्री जागून इंग्लंडमधले सामने पाहतोस, तेव्हा उदाहरण तिथलेच घेतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नुकतेच वर आलेले बोर्नमथ लिव्हरपूलच्या मैदानावर ०-९ असे हरले. त्यानंतर त्यांचे प्रशिक्षकही बदलले गेले, आणि हा संघ आता तळालाच जाणार असे बहुतेकांनी गृहीत धरले. हंगामाच्या शेवटी तोच संघ ३९ गुणांसह पंधराव्या क्रमांकावर होता. लिव्हरपूलकडून एका गोलाने हरले असते तरी त्यांना त्या दिवशी शून्यच गुण मिळाले असते. गोलफरक, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांमधला फरक, बिघडला हे खरे, आणि तुमच्यासारख्या छोट्या लीगमध्ये गोलफरकावर निकाल लागू शकतो, म्हणून ०-२ चा पराभव ०-७ होऊ देऊ नये. पण त्या पराभवाचे दुःख पुढच्या रविवारी बरोबरीच्या संघाविरुद्ध मैदानात घेऊन जाणे, हे सात गोलांपेक्षा महाग पडते.

आता तुझ्या लीगचा हिशेब मांडू. तू लिहिल्याप्रमाणे दहा संघ आहेत, प्रत्येकाशी एकदाच गाठ पडते आणि शेवटचे दोन संघ खाली जातात. म्हणजे तुझ्या वाट्याला नऊ सामने. इंग्लंडमध्ये ३८ सामन्यांत ४० गुण झाले की टिकलो, असे म्हणण्याची रीत आहे, पण अलीकडे तो आकडा फारच सावध ठरला आहे: २०२३-२४ मध्ये अठराव्या क्रमांकावरून खाली गेलेल्या ल्यूटनचे २६ गुण होते आणि त्याच्या पुढच्या वर्षी लेस्टरचे २५. तरीही सामन्यामागे सुमारे एक गुण हे धोरण म्हणून चांगले आहे. त्या मापाने तुम्हांला नऊच्या आसपास गुण हवेत. आता गेल्या वर्षीच्या तक्त्यातले सातवे आणि आठवे संघ, तुमच्याबरोबर वर आलेला दुसरा संघ, आणि ज्यांचे चांगले खेळाडू नोकरीनिमित्त पांगले आहेत असा एखादा चौथा संघ, एवढे बाजूला काढ. या चौघांविरुद्ध दोन विजय आणि दोन बरोबरी साधल्या तर आठ गुण होतात. शिवाय यातल्या एखाद्याला हरवलेस तर तुला तीन गुण मिळतात आणि त्याचे तीन हुकतात, हा लाभ गतविजेत्यांशी केलेल्या बरोबरीत नाही. उरलेल्या पाच सामन्यांतून एखादी बरोबरी हाती लागली की पुरे. तुझी खरी लीग दहा संघांची नाही, या पाच संघांची आहे.

हे एकदा मनात पक्के झाले की बाकीचे निर्णय सोपे होतात, आणि त्यातला पहिला निर्णय खेळाच्या पद्धतीचा आहे. खालच्या गटात तुम्ही भरपूर गोल करून जिंकलात. तुझ्या पोट्ट्यांना तोच खेळ वर नेण्याची हौस असणार. बर्नलीने २०२२-२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत १०१ गुण मिळवले होते आणि मागून छोटे पास देत खेळ रचण्याच्या त्यांच्या पद्धतीची सगळीकडे वाहवा झाली होती. पुढच्या हंगामात वरच्या श्रेणीत त्यांना २४ गुण मिळाले. त्याच हंगामातले दोन संघ शेजारी ठेवून पाहा. ल्यूटनने ५२ गोल केले, ८५ खाल्ले आणि ते खाली गेले. एव्हर्टनने फक्त ४० गोल केले, पण खाल्ले ५१. आर्थिक नियमभंगाबद्दल त्यांचे आठ गुण कापले गेले, तरीही ते बऱ्याच अंतराने टिकले. शेफील्ड युनायटेडने त्या वर्षी १०४ गोल खाल्ले, त्यांच्याबद्दल वेगळे काही लिहायला नको. तेव्हा सरावाच्या पहिल्या महिन्यात मागचे चार आणि त्यांच्यापुढचे दोन एवढ्यांवरच मेहनत घे. चेंडू गमावल्यावर पाच सेकंदांत कोण कुठे उभा राहतो, कॉर्नरला कोणी कोणाला धरायचे, गोलरक्षकाने पुढे केव्हा यायचे, हे कंटाळवाणे वाटणारे काम आहे, आणि एकही गोल न खाल्लेला सामना किमान एक गुण देतो.

मैदानाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तो तुमच्या हातात अर्धाच आहे. आपली काळी माती पावसाळ्यात बुटाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे मुलांना चेंडू उंचावरून पुढे टाकण्याची सवय लागली आहे. शिवाय शाळेचे मैदान अरुंद आहे. नियमाप्रमाणे मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर असते, आणि नागपूरच्या रुंद, गवती मैदानावर आपले बचावपटू एकमेकांपासून इतके लांब होतात की मधल्या जागेतून कोणीही आत शिरतो. बहुतेक नव्या संघांना वरच्या श्रेणीत निदान स्वतःच्या मैदानाचा आधार असतो. स्पेनमधले ऐबार हे जेमतेम २७ हजार वस्तीचे गाव २०१४ मध्ये पहिल्या श्रेणीत गेले आणि २०२१ पर्यंत तिथे राहिले, त्यात त्यांच्या लहानशा मैदानाचाही वाटा होता. तुमचे सगळे सामने नागपुरात, म्हणजे तो आधार तुम्हांला नाही. म्हणून एवढे कर: पूर्ण लांबी मिळत नसेल तर अर्धेच मैदान आख, पण रुंदी मात्र नागपूरच्या मैदानाइतकीच धर, लागल्यास शेजारच्या पडीक वावराची परवानगी काढ. बचावाची फळी बाजूला सरकताना आपसातले अंतर कसे राखायचे, हे अर्ध्या मैदानावरही शिकता येते.

खेळाडू बाहेरून आणावेत का, हा तुझा दुसरा प्रश्न. गावातल्या काही मंडळींनी वर्गणी जमवून पाच-सहा तयार खेळाडू आणण्याचे ठरवले आहे, असे तू लिहितोस. नॉटिंगहॅम फॉरेस्टने २०२२ मध्ये वर आल्यावर एका उन्हाळ्यात वीसहून अधिक खेळाडू घेतले. ते टिकले हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या काळातल्या तोट्यापायी मार्च २०२४ मध्ये त्यांचे चार गुण कापले गेले आणि त्यांची मोठी पंचाईत झाली. त्यांच्याकडे पैसा तरी होता. एका वर्षी कापूस बरा पिकला म्हणून उधारीवर बैलजोडी घेणाऱ्यासारखी तुमची अवस्था व्हायला नको, कारण वर्गणी पहिल्या वर्षी उत्साहाने येते आणि दुसऱ्या वर्षी ती मागायला दारोदार फिरावे लागते. माझे मत असे की एकच माणूस आणावा, दोन म्हणजे फार झाले. तो मधल्या फळीतला, तिशीच्या आसपासचा आणि वरच्या गटात पाच-सहा हंगाम काढलेला असावा. ताकदीचा नसला तरी चालेल, पण सामना केव्हा सावकाश करायचा हे त्याला कळले पाहिजे. २०२५ मध्ये प्ले-ऑफमधून, म्हणजे वर जाण्यासाठीच्या बाद सामन्यांतून, वर आलेल्या संडरलँडने बरेच खेळाडू घेतले, तरी मला त्यांचा सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय वाटतो तो ग्रानिट झाकासारख्या अनुभवी माणसाला मध्यभागी आणून कप्तानपद देण्याचा. कामठीसारख्या फुटबॉलची जुनी परंपरा असलेल्या गावी असे खेळाडू शोधले तर सापडतात. नियमित संधी मिळत नसल्याने ते नाराज असतात आणि मानधनापेक्षा सामना खेळायला मिळण्याची त्यांना अधिक ओढ असते.

प्रशिक्षक बदलू नकोस. वर गेल्यावर ‘मोठ्या’ प्रशिक्षकाची मागणी होईल, ती शांतपणे ऐकून घे आणि तिथेच सोडून दे. जर्मनीतल्या हायडनहाइम या सुमारे पन्नास हजार वस्तीच्या शहराच्या क्लबने २००७ पासून फ्रांक श्मिट हाच प्रशिक्षक ठेवला, खालच्या श्रेणींतून चढत चढत २०२३ मध्ये बुंडेसलीगा गाठली आणि पहिल्याच हंगामात आठवा क्रमांक मिळवला. दुसऱ्या वर्षी ते सोळावे आले आणि कसेबसे टिकाव-सामना जिंकून राहिले, तेव्हाही माणूस तोच होता. आपल्याकडे पंजाब एफसी २०२३ मध्ये आय-लीग जिंकून इंडियन सुपर लीगमध्ये गेलेला पहिला संघ ठरला. वर आणणारे प्रशिक्षक स्टायकोस व्हर्जेटिस यांच्याच हाताखाली ते बारा संघांत आठवे आले. पुढच्या वर्षी वर आलेल्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचा इतिहास १८९१ पासूनचा, पाठीराखे अफाट. पण वेतन थकल्याच्या बातम्या येत राहिल्या, प्रशिक्षक हंगामाच्या मध्येच गेले आणि संघ तेरांत तेरावा राहिला. त्या लीगमधून तेव्हा कोणी खाली जात नसे, म्हणून ते वाचले. तुम्हांला ती सवलत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल तू पत्रात एक ओळही लिहिली नाहीस तिच्याकडे येतो: रविवारी सकाळी नागपूरला किती जण पोचणार? तुमचे सामने नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतात. तेव्हा कापसाचा वेचा चालू असतो, जिनिंग रात्रंदिवस सुरू असतात, पुढे तूर कापणीला येते. तुझ्या संघातली निम्मी मुले या कामांत अडकलेली, दोन-तीन पोलीस भरतीच्या तयारीत. (ही भरतीची मुले पळतात उत्तम, पण सरळ रेषेत पळतात, त्यांना वळायला शिकव.) खालच्या गटात नऊ जणांनिशी खेळूनही एखादा सामना ओढता येतो, वर ते जमणार नाही. म्हणून कार्यक्रमपत्रक हाती येताच ते चार सामने काढ, प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन वडिलांशी बोल आणि त्या चार तारखा आत्ताच मागून घे. बाकीच्या पाच तारखांना एखाद्याला वावरात थांबावे लागले तर थांबू दे, त्या दिवशी राखीव मुलाला खेळव. सगळे नऊ दिवस मागितलेस तर घरचे सुरुवातीला हो म्हणतील आणि नेमक्या महत्त्वाच्या दिवशी नाही म्हणतील. त्या चार सामन्यांना पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नकोस, काळी-पिवळी ठरवून आदल्या संध्याकाळीच निघा आणि कोणाच्या तरी नातेवाइकाकडे मुक्काम करा. आणि सकाळी सामन्याआधी तर्री-पोहे नकोत. सामना संपल्यावर हवे तेवढे खाऊ दे.

मी बरीच वर्षे पंच म्हणून उभा राहिलो आहे, तेव्हा आणखी एक सांगतो. वरच्या गटात साहाय्यक पंच जाणकार असतात. ऑफसाइडची जी ढिलाई खाली चालून गेली ती इथे चालणार नाही, तशीच पंचांशी हुज्जतही चालणार नाही. तुझा उजव्या बाजूचा बचावपटू चांगला आहे, पण बोलतो फार. पिवळी कार्डे साठत गेली आणि तो नेमका त्या चारांपैकी एका सामन्याला निलंबित असला, तर त्याची जागा घेणारा तुमच्याकडे नाही. गतविजेत्यांविरुद्ध सामना हातातून गेल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत त्याला बाहेर काढत जा. लोक नावे ठेवतील, ठेवू देत.

कागदपत्रांचे काम मात्र दुसऱ्या कोणावर सोपवू नकोस. ऐबारचे मघाशी लिहिले, त्यांच्या पहिल्या हंगामाचा शेवट ठाऊक असू दे. २०१४-१५ मध्ये ते अठरावे आले, म्हणजे मैदानावर खाली गेलेच होते. पण तेराव्या क्रमांकावर असलेल्या एल्चेला कराच्या थकबाकीमुळे खाली उतरवण्यात आले आणि ती जागा ऐबारला मिळाली. एल्चेच्या खेळाडूंनी आपले काम चोख केले होते, त्यांना कार्यालयाने बुडवले. खेळाडूंची नोंदणी, वयाचे दाखले, जुन्या क्लबची ना-हरकत पत्रे, प्रवेश शुल्काची पावती, हे सगळे मुदतीच्या आठ दिवस आधी जमा कर आणि प्रत्येक कागदाची पोच घे. अपात्र खेळाडू खेळवल्याची तक्रार झाली तर झगडून मिळवलेले तीन गुण एका अर्जाने जातात, आणि अशी तक्रार करायला तळाच्याच संघांना सवड असते.

दिवाळीपर्यंत मी गावी आहे. कार्यक्रमपत्रक आणि खेळाडूंची यादी एकदमच पाठव, यादीत प्रत्येकासमोर त्याचे काम आणि घरची शेती किती ते लिही. उजव्या बचावपटूला माझा निरोप सांगायची गरज नाही, तो आला की मीच बोलेन.

कळावे, आशीर्वाद.

तुझे सर