दारुहळदीची चिलीतली बहीण

प्रश्न : मी सध्या मुलाकडे इंग्लंडात लीड्सला आले आहे. परसात एक काटेरी झुडूप आहे. ऐन थंडीतही हिरवंगार होतं, पानं नाताळच्या सजावटीतल्या टोकदार हॉलीसारखी पण बारकी. एप्रिलमध्ये नारिंगी फुलांनी भरून गेलं. साल खरवडली तर आत पिवळं! ही दारुहळद का? मूळ उगाळून औषधाला वापरू का? पुण्याला रोप नेता येईल? सून तर म्हणते, काटे लागतात, काढूनच टाकू.
– एक वाचक

उत्तर : ताई, काढू देऊ नका! तुमच्या वर्णनावरून ते बर्बेरिस डार्विनी असणार. दारुहळदीच्याच कुळातलं आणि बर्बेरिस याच वंशातलं, पण दारुहळद नव्हे. ती हिमालयातली, मसुरीच्या उतारांवर मी पाहिली आहे, तिची फुलं पिवळी. तुमचं झुडूप दक्षिण चिलीकडचं. चार्ल्स डार्विनला ते १८३५ साली बीगल जहाजाच्या सफरीत सापडलं, आणि १८४९च्या सुमारास विल्यम लॉब या वनस्पती-संग्राहकाने ते इंग्लंडात पाठवलं.

तरी खात्री करून घ्या. पानाच्या बुडाशी, फांदीवर, पंजासारखा फुटलेला बारीक काटा दिसला पाहिजे. हॉलीच्या फांदीला काटे नसतात. महोनिया या दुसऱ्या बागेतल्या झुडपाचं लाकूड मात्र पिवळंच असतं, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. त्याचं पान कडुनिंबासारखं अनेक पर्णिकांचं असतं आणि फांदी बिनकाट्याची.

तो पिवळा रंग बर्बेरिनचा. दारुहळदीतही तेच द्रव्य असतं, पण म्हणून परसातलं मूळ उगाळून कुणालाही देऊ नका. गर्भवतींनी आणि तान्ह्या बाळांनी बर्बेरिनपासून दूरच राहायचं असतं. घरात लहानगं असेल किंवा येणार असेल, तर हे माझं कळकळीचं सांगणं समजा.

सुनेच्या हाती जाड हातमोजे आणि कात्री द्या. वाटेत येणाऱ्या फांद्या फुलं ओसरताच छाटायच्या. पुढची फुलं जुन्या फांद्यांवर येतात, शरदात छाटलंत तर वसंत सुना जाईल. थोड्या फांद्या न छाटता ठेवा. त्यांवर निळी-काळी फळं धरतात आणि पक्षी ती आवडीने खातात. पाणी साचत नसेल तर हे झुडूप सावलीतही तगतं, तीन मीटरपर्यंत वाढतं. आणखी रोपं हवी असतील तर उन्हाळा सरताना, अर्धवट जून फांदीचं छाट कलम लावा.

पुण्याला मात्र नेऊ नका. तिथला एप्रिल-मे त्याला सोसणार नाही, आणि परदेशी रोप परवान्याशिवाय आणताही येत नाही. तो नियम योग्यच आहे : न्यूझीलंडात याच झुडपाच्या बिया पक्ष्यांनी रानोमाळ नेल्या, आज तिथे ते तण ठरलं आहे.