थीम पार्कमधले काउंटरवरचे जेवण सुमारच का असते, आणि त्यातल्या त्यात काय खावे?

आपण विचारले आहे की, रत्नागिरीहून आई-वडील आणि मुलांना घेऊन मुंबईच्या बाजूच्या एका थीम पार्कला जायचे आहे, घरचा डबा आत नेऊ देत नाहीत, वडिलांना मधुमेह आहे. अशा वेळी टोकन घेऊन काउंटरवर मिळणारे झटपट जेवण खाण्याजोगे असते का, की ते महाग आणि बेचव असणार हे गृहीतच धरावे? मी काही वर्षे एका पार्कच्या भटारखान्यात काम केले आहे (नाव घेत नाही) आणि आता अलिबागजवळ घरगुती खाणावळ चालवतो, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

जेवण झटपट मिळते म्हणून वाईट असते, ही समजूत चुकीची आहे. आमच्या खाणावळीतही माणूस पाटावर टेकला की काही मिनिटांत ताट पुढे येते. फरक असा की वाटण सकाळीच वाटून झालेले असते, आमटी चुलीवर उकळत असते, भात थोडा थोडा करून दोन-तीनदा लावला जातो आणि मासा मात्र गिऱ्हाईक आल्यावरच रव्यात घोळवून तव्यावर पडतो. जे थांबू शकते ते आधी तयार ठेवायचे आणि जे थांबल्याने बिघडते ते शेवटी करायचे, एवढेच त्यामागचे गणित आहे. पार्कमध्ये नेमके हेच उलटे होते. फ्रेंच फ्राइज, भजी, नूडल्स, तळलेले मोमो यांसारखे जे पदार्थ पाच-सात मिनिटांत मान टाकतात, तेच गर्दीच्या धास्तीने आधी तळून, ऊब देणाऱ्या दिव्याखाली मांडून ठेवले जातात. त्यातून आपली किनाऱ्याकडची दमट हवा. घरचा पापड डब्याबाहेर राहिला तर सादळतो, तिथे उघड्या ट्रेमधल्या फ्राइजची काय कथा!

याचे मूळ गर्दीच्या वेळेत आहे. पार्कमधली माणसे सकाळभर राइडच्या रांगेत असतात आणि एक ते अडीचच्या दरम्यान सगळी एकदम जेवायला धावतात. काउंटर बहुधा ठेक्यावर दिलेले असते. ठेकेदाराला भाडे किंवा विक्रीतला हिस्सा द्यायचा असतो, आणि मंगळवारी किती माणसे येतील व रविवारी किती, याचा अंदाज त्याला नीट बांधता येत नाही. म्हणून तो डीप फ्रीजरमधून हवे तेवढेच काढता येईल असा फ्रोझन माल घेतो. भाज्यांचे म्हणाल तर सकाळी लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ही मोठ्या पातेल्यांत तयार होतात, आणि फलकावरच्या पनीरच्या सगळ्या भाज्या त्यांतूनच निघतात. मटर घातला की एक नाव, काजू घातला की दुसरे. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, बहुतेक हॉटेलांत हेच चालते. मात्र खाणावळीचे गिऱ्हाईक उद्या पुन्हा येणार असते आणि आमटी पातळ झाली तर तोंडावर सांगते, तर पार्कमधला पाहुणा पुन्हा आलाच तर वर्ष-दोन वर्षांनी येतो, आणि तेव्हाही तो जेवणासाठी येत नाही. स्वयंपाक्याच्या हाताला चव असूनही तिथे तिचा उपयोग होत नाही, त्याचे कारण मला तरी हेच दिसते.

वेगळे घडू शकते याची उदाहरणे आहेत. कॅलिफोर्नियातले नॉट्स बेरी फार्म हे पार्क तर जेवणातूनच उभे राहिले. १९३४ साली कॉर्डेलिया नॉट यांनी आपल्या शेतावर तळलेल्या चिकनचे जेवण वाढायला सुरुवात केली, त्यासाठी इतकी माणसे लोटू लागली की ताटकळणाऱ्यांना रमवायला १९४० मध्ये त्यांच्या पतीने तिथे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जुन्या काळच्या गावाची प्रतिकृती उभारायला घेतली, आणि पुढे त्याचेच पार्क झाले. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमध्ये २०१७ साली सातुली कॅन्टीन नावाचे काउंटर उघडले. तिथे भात किंवा नूडल्स, त्यावर चिकन किंवा टोफू (सोयाबीनचे पनीर), आणि वर एखादा सॉस, असे वाडग्यात आपल्या निवडीप्रमाणे जुळवून देतात. मागणी मोबाइलवरून आधी नोंदवता येते. प्रत्येक घटक वेगळा राहतो, एकत्र येतो तो शेवटी. म्हणजे आमच्या आमटी-भाताचीच तऱ्हा. शिवाय तिथल्या डिस्ने पार्कमध्ये बाहेरचे खाणे आत नेता येते, त्यामुळे काउंटरला घरच्या डब्याशीही टक्कर द्यावी लागते. आपल्याकडे ती टक्कर दारातच संपते.

आता आपल्या कामाचे. पावणेबाराला जेवायला बसा, किंवा मग अडीच उलटून जाऊ द्या. वडिलांच्या गोळ्यांची वेळ पाहता लवकरची वेळच बरी. लवकर गेल्यास ग्रेव्ही ताजी असते आणि भाताचा पहिला ट्रे नुकताच आलेला असतो. टोकन घेण्याआधी काउंटरपर्यंत जाऊन ट्रेच्या कडा पाहाव्यात. कडेला भाताची शिते वाळून चिकटली असतील, किंवा ग्रेव्हीवर गडद पापुद्रा धरला असेल, तर तो ट्रे बराच वेळ तिथे आहे आणि कदाचित त्यातच वरून नवीन माल ओतला गेला आहे. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वरच ठेवले पाहिजे, नाहीतर त्यात जंतू झपाट्याने वाढतात. आपल्याजवळ थर्मामीटर नसतो, पण वाढताना वाफ दिसत नसेल तर ते ताट नाकारण्यात संकोच कसला?

डोशाचे काउंटर मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण डोसा आधी करून ठेवताच येत नाही. रांग हळू सरकते, पण हातात येते ते तव्यावरचे. त्यातही उन्हाळ्यात दुपारनंतर पीठ आंबून जाते, म्हणून डोसा खायचा तर लवकर खावा. वडापावही चालेल, अट एवढीच की घाणे एकामागून एक निघत असले पाहिजेत. मेयोनीज घातलेले रोल, दुपारनंतरचा रायता आणि कापून ठेवलेली फळे मी स्वतः टाळतो. तेलाबाबत नियम असा आहे की त्यातील पोलर घटकांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने बिघडून तयार होणाऱ्या द्रव्यांचे) प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचे नाही. काउंटरच्या अलीकडून ते कळत नसले तरी तळणीवर फेस धरत असेल आणि डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर तिथून पुढे सरकावे. आपल्या आई शाकाहारी असतील तर फ्राइज आणि मासे एकाच कढईत तळतात का, हेही विचारून घ्यावे.

किनाऱ्यावरच्या माणसाला पार्कमध्ये सोलकढी आणि मासळीचे ताट का मिळत नाही, असा प्रश्न मलाही पडत असे. नारळाचे दूध उन्हाळ्यात काही तासांत आंबते, मासळीचे काटे घाईत खाणाऱ्याला आणि लहान मुलांना अडचणीचे होतात, हे मान्य. पण कोकमाचे आगळ मिठामुळे महिनोन्‌महिने टिकते, त्यातून सरबत करायला मिनिटही लागत नाही, तरी काउंटरवर रंगीत सोड्याची यंत्रे उभी असतात. याला मी निव्वळ आळस म्हणतो.

पाण्याची बाटली विकत घेण्याआधी पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारा. सिनेमागृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा मालकांचा अधिकार मान्य केला, पण मोफत स्वच्छ पाणी द्यायलाही बजावले. तो निकाल पार्कविषयी नाही, तरी नळ बहुतेक ठिकाणी असतो, फक्त त्याची पाटी ठळक नसते. वडिलांसाठी चणे-शेंगदाणे आणि साखर उतरल्यास लागणारे काही गोड जवळ ठेवायचे असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी पार्कला फोन करून डॉक्टरांची चिठ्ठी लागेल का ते विचारा. तिकीट काढल्यावर दारावरच्या रक्षकाशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही. रात्रीचे जेवण मात्र पार्कमध्ये घेऊ नका. परतताना गोवा महामार्गावर माणगावच्या आसपास थांबा, तिथे आमटी-भात गरम मिळेल आणि भात पुन्हा मागितला तर कोणी टोकन विचारणार नाही.