कामगंध सापळ्यापर्यंत पतंग पोचतो कसा?

दादा, तुमचा प्रश्न असा की, ल्युअरचा (सापळ्यातल्या, मादीसारखा गंध सोडणाऱ्या वडीचा) वास वाऱ्यावर विरून जातो, मग शेंदरी बोंडअळीच्या नर पतंगाला सापळा सापडतो कसा? वास वाढत जाईल तिकडे तो सरकत असेल का? कपाशीवाल्या बहुतेकांना तसंच वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

एक उदबत्ती लावा आणि दारातल्या झुळकेत धरा. काडीपाशी धुराची रेघ सलग दिसते, पण हातभर पुढे तिचे धागे तुटतात, मधे नुसती मोकळी हवा. शेतात गंध असाच तुटक तुटक वाहतो. लांबवर एखादा धागा दाट लागतो आणि सापळ्याजवळ येऊनही क्षणभर काहीच लागत नाही. मग कमी-जास्त वासावरून दिशा कशी ठरवणार?

दिशा ठरते वाऱ्यावरून. मिशांना गंध लागला की पतंग वाऱ्याच्या उलट पुढे झेपावतो. गंध तुटला की पुढे जाणं सोडून डावी-उजवीकडे आडवा फिरतो, पुन्हा धागा सापडेपर्यंत. आता उडणारा जीव स्वतःच वाऱ्याबरोबर वाहत असतो, त्याला नुसत्या अंगावरून वारा कुठला ते कळत नाही. तो खालची जमीन कशी सरकते ते डोळ्यांनी बघतो! केनेडी आणि मार्श या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात जमिनीवरचे पट्टे सरकवून हे दाखवलं. पट्ट्यांप्रमाणे पतंगांचं उडणं बदलायचं. मला त्याहून नवल वाटतं ते पुढच्या प्रयोगांचं. हवेत सगळीकडे सारखा गंध भरला, तर पतंग वाऱ्याच्या उलट फार पुढे जातच नाही. त्याला तो तुटकपणाच हवा असतो. शेतभर गंधाच्या दोऱ्या बांधून मीलन रोखतात, त्यातही नराला मादीचा खरा माग लागू न देणं हाच डाव आहे. (कुत्रा जमिनीवरचा माग हुंगत जातो, ती रीत वेगळी.)

म्हणून सापळा पानांत दडवू नका. शेंड्याच्या फूटभर वर ठेवा आणि पीक वाढेल तसा उचलत जा. ल्युअरला तंबाखूचा किंवा औषधाचा हात लावू नका. सलग 3 रात्री, दर रात्री एका सापळ्यामागे 8 पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली समजा. पण सापळ्यात येतात ते नरच. मादी शेतात अंडी घालतच असते, तेव्हा डोमकळ्या (अळी शिरल्यामुळे न उमललेली, गुलाबकळीसारखी दिसणारी फुलं) बघा आणि 20 हिरवी बोंडं फोडा. 2 बोंडांत अळी निघाली तर फवारणीला उशीर करू नका.