वाचक विचारतात : मॉड्युलर सिंथसाठी रिव्हर्ब

या अंकातले सगळे प्रश्न युरोरॅक केसमधल्या, म्हणजे ठरलेल्या मापाची सुटी मॉड्यूल बसवून बनवलेल्या सिंथच्या पेटीतल्या, रिव्हर्बबद्दलचे आहेत. रिव्हर्ब म्हणजे आवाजामागे खोलीसारखी घुमणारी शेपूट जोडणारा इफेक्ट. पत्रांतला मुद्दा तेवढा थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : ८४ एचपीची (एचपी हे मॉड्यूलच्या रुंदीचं एकक) एकच रांग आहे. दोन ऑसिलेटर, फिल्टर, दोन व्हीसीए (व्होल्टेजने आवाजाची पातळी बदलणारी मॉड्यूल), एन्व्हलप (आघातासरशी चढून उतरणारं व्होल्टेज देणारं मॉड्यूल), सीक्वेन्सर आणि छोटा मिक्सर बसवून १२ एचपी उरले आहेत. व्हिडिओ पाहून पाहून गोंधळ वाढला आहे. स्प्रिंग (खऱ्या स्प्रिंगांतून आवाज घुमवणारा), डिजिटल की मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट एकाच मॉड्यूलमध्ये)? निवड कुठून सुरू करू?

उत्तर : आधी रिव्हर्ब पॅचमध्ये कुठे बसणार ते ठरवा, आवाज कसा हवा ते नंतर. मिक्सरच्या सेंडवर (आवाजाचा थोडा भाग इफेक्टकडे पाठवणारी वाट) बसून तो सगळ्या आवाजांना एका खोलीत आणणार आहे, की एखाद्या ऑसिलेटरच्या मागे लागून वाद्याचाच भाग होणार आहे?

पहिलं काम असेल तर केसमध्ये मॉड्यूल लागतंच असं नाही. शेवटच्या स्टीरिओ मिक्सवरचा रिव्हर्ब पेडलवर किंवा संगणकात तितकाच चांगला होतो, आणि उरलेल्या १२ एचपीत आणखी व्हीसीए बसतात. व्हीसीए कधीच पुरत नाहीत. आमचं मत स्पष्ट आहे : ज्या रिव्हर्बला तुम्ही कधी व्होल्टेज देणार नाही, तो केसबाहेर ठेवा. अपवाद संगणकाशिवाय मंचावर वाजवणाऱ्यांचा, कारण त्यांना एकच पेटी उचलून न्यायची असते.

दुसरं काम असेल तर डिके (शेपूट विरण्याचा वेळ), साइझ (खोलीचा आकार) आणि डॅम्पिंगला (वरचे सूर किती लवकर विरतात) सीव्ही (नॉबऐवजी मूल्य बदलणारं व्होल्टेज) इनपुट हवेत. शक्यतो प्रत्येकावर ते व्होल्टेज कमी करायला अ‍ॅटेन्युएटरही हवा. तो नसेल तर ५ व्होल्टचा एलएफओ (सावकाश वर-खाली होणारं व्होल्टेज) डिके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढतो आणि शेपूट मध्येच उसळते. घेण्याआधी एक चाचणी जरूर करा. साधी साइन लाट आत द्या, मिक्स पूर्ण वेट (फक्त रिव्हर्बचा आवाज, मूळ म्हणजे ड्राय आवाज नाही) ठेवा आणि साइझला हळू त्रिकोणी एलएफओ लावा. काही मॉड्यूलमध्ये सूर टेपसारखा वर-खाली सरकतो, काहींत सूर जागेवर राहतो पण बारीक टकटक येते. दोन्हींचे चाहते आहेत. तुम्ही कोणत्या गटात बसता ते मात्र आधी कळलेलं बरं. मेक नॉइझ या कंपनीचा एर्बे-व्हर्ब या कामासाठीच बनला आहे, पण तो २० एचपीचा आहे. तुमच्या रांगेत तो बसवायचा तर आधी काहीतरी काढावं लागेल.

१२ एचपीत मल्टिइफेक्ट सहज बसतो. या वर्गातल्या बऱ्याच मॉड्यूलमध्ये एफव्ही-१ नावाची एकच चिप असते. नेहमीच्या जोडणीत ती ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर चालते, तिच्याकडे १ सेकंदाची डिले मेमरी असते आणि दर नमुन्याला (आवाजाच्या प्रत्येक मोजमापाला) १२८ सूचना चालवता येतात. त्यामुळे १६ किलोहर्ट्झच्या वर काही येत नाही आणि प्रत्येक प्रोग्रामला बदलता येण्याजोगी तीनच मूल्यं मिळतात. रिव्हर्बला हे पुरतं. एका मॉड्यूलमधले तीस प्रोग्राम दुसऱ्यातल्या तीसांपेक्षा फार वेगळे असतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

शेवटी केसची खोली मोजा. मागचा पॉवर कनेक्टर आणि रिबन केबल धरून मोजायची. उथळ केसमध्ये डिजिटल मॉड्यूल नेमकं इथेच अडतं. +१२ व्होल्टवर डिजिटल रिव्हर्बला १०० ते २०० मिलिअँपिअर सहज लागतात. सगळ्या मॉड्यूलची बेरीज पॉवर सप्लायच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा.

प्रश्न : गिटारचं रिव्हर्ब पेडल आधीपासून आहे. सिंथ थेट जोडला तर आवाज चिरकतो. पेडल खराब आहे का?

उत्तर : पेडल बरं आहे, लेव्हल जास्त आहे. युरोरॅकमधला ऑडिओ साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक असतो. घरगुती लाइन लेव्हल सुमारे ०.९ व्होल्ट असते आणि गिटारचा सिग्नल बहुतेक वेळा त्याहून कमी. ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलच्या आत १० व्होल्टची लाट मावत नाही, आणि डिजिटल पेडलमधली चिप तर ५ किंवा ३.३ व्होल्टवरच चालते.

साधारण २० डेसिबल उतरवावे लागतात. सिंथच्या आउटपुटला ४७ किलोओहमचा रेझिस्टर सलग जोडा, त्यापुढे १० किलोओहमच्या पॉटची (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) दोन टोकं : एक रेझिस्टरला, एक ग्राउंडला. पेडलला मधल्या पायातून सिग्नल द्या. पॉट पूर्ण उघडल्यावर सुमारे पावणेदोन व्होल्ट मिळतात, त्याखाली हवं तितकं उतरवता येतं. परतीच्या वाटेवर टीएल०७२ या दुहेरी ऑप-अँपचा (सिग्नल वाढवणारी चिप) एक अर्धा भाग इन्व्हर्टिंग जोडणीत घ्या : इनपुटला १० किलोओहम, फीडबॅकला १०० किलोओहम, नॉन-इन्व्हर्टिंग पाय ग्राउंडला, ±१२ व्होल्ट सप्लाय आणि दोन्ही सप्लाय पायांजवळ १०० नॅनोफॅरॅडचे कपॅसिटर. लाट उलटी होते, पण पेडल पूर्ण वेटवर असेल तर कानाला फरक पडत नाही.

या दहापट वाढीत पेडलची सळसळही दहापट वाढते. म्हणून गरजेपेक्षा जास्त उतरवू नका. सर्वांत मोठा पॅच वाजवा, आवाज चिरकेपर्यंत पॉट उघडा आणि तिथून थोडं मागे या. पेडलला सिंथचा १२ व्होल्ट मात्र देऊ नका. त्याला त्याचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर हवा, तोही इतर पेडलांपासून आयसोलेटेड. सामाइक सप्लायवर ग्राउंड लूपची (ग्राउंडच्या दोन वाटांतून फिरणाऱ्या करंटची) गुणगुण हमखास येते.

प्रश्न : जुन्या अ‍ॅम्पमधून काढलेला स्प्रिंग टँक (रिव्हर्बच्या स्प्रिंग बसवलेली पत्र्याची पेटी) मिळाला आहे. त्यावर ४एबी३सी१बी असं छापलं आहे. माझ्या स्प्रिंग ड्रायव्हर (टँकला सिग्नल पुरवणाऱ्या) मॉड्यूलला लावला तर आवाज अगदी क्षीण आणि दबका येतो. वर गुणगुण.

उत्तर : उत्तर त्या छापील कोडमध्येच आहे. ४ म्हणजे लांब टँक, साधारण साडेबेचाळीस सेंटिमीटरचा. पुढचं ए म्हणजे इनपुट कॉइल ८ ओहमची, बी म्हणजे आउटपुट कॉइल २,२५० ओहमची. ३ म्हणजे लांब डिके, पावणेतीन ते चार सेकंद. सी म्हणजे इनपुटचा सॉकेट पत्र्यापासून अलग आणि आउटपुटचा पत्र्याला जोडलेला. १ म्हणजे स्प्रिंगांना लॉक नाही, आणि शेवटचं बी म्हणजे टँक आडवा, उघडी बाजू खाली.

अडचण त्या ए-ची आहे. ८ ओहमच्या कॉइलला नीट हलवायला सुमारे २८ मिलिअँपिअर करंट लागतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये हा करंट ट्रान्सफॉर्मर पुरवतो. मॉड्यूलमधला ऑप-अँप इतक्या कमी ओहमच्या भारापुढे लगेच हात टेकतो. मॉड्यूलसाठी १५० ओहमचा (बी, सुमारे ६.५ मिलिअँपिअर), ६०० ओहमचा (ई, सुमारे ३.१) किंवा १,४७५ ओहमचा (एफ, सुमारे २) टँक बघा, आणि यांतला कोणता ते मॉड्यूलच्या माहितीपुस्तिकेत पाहून ठरवा. आहे तोच टँक वापरायचा असेल तर मध्ये छोटा पॉवर अ‍ॅम्प घाला.

मल्टिमीटर लावल्यावर आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. हे ओहम १ किलोहर्ट्झला मोजलेल्या इम्पीडन्सचे (बदलत्या करंटला होणाऱ्या विरोधाचे) आहेत. डीसी रोध फारच कमी भरतो : ८ ओहमच्या कॉइलला १ ओहमच्या आसपास, १५० ओहमच्या कॉइलला पंचविसाच्या आसपास, २,२५०च्या आउटपुटला दोनशेच्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर सॉकेटपासून कॉइलपर्यंत गेलेली केसासारखी तार आधी तपासा. बहुतेक वेळा तीच तुटलेली असते, आणि बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने ती जोडता येते.

दबकेपणाला आणखी एक कारण असतं. कॉइल इंडक्टिव्ह असल्यामुळे वारंवारता वाढेल तसा तिचा विरोध वाढतो. स्थिर व्होल्टेजने चालवली तर वरच्या सुरांना करंटच मिळत नाही. म्हणून चांगले ड्रायव्हर व्होल्टेजऐवजी करंट स्थिर ठेवतात. तसा ड्रायव्हर नसेल तर टँकच्या आधी ट्रेबल उचला आणि १५० ते २०० हर्ट्झखालचं कापा. तो खालचा भाग स्प्रिंगमध्ये फक्त चिखल करतो.

गुणगुण आउटपुट कॉइल पकडते आणि तिचा उगम बहुतेक वेळा पॉवर सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. आउटपुटचं टोक ट्रान्सफॉर्मरपासून निदान ३० सेंटिमीटर दूर न्या. मग हेडफोन लावून, टँक हातात धरून सावकाश फिरवत जा. एका विशिष्ट कोनात गुणगुण एकदम पडते; टँक त्याच कोनात बसवा. कोन छापील सूचनेपासून फार ढळला तर स्प्रिंग पत्र्याला घासत नाही ना ते बघा. टँकच्या चारी कोपऱ्यांखाली फोम ठेवा. मोठ्या स्पीकरजवळ ठेवलात तर फोम असूनही तो बोंबलेल.

ज्यांना हे सगळं वाचून धडकी भरली, त्यांनी टँकसकट पूर्ण संच मिळतो तो घ्यावा. मात्र डोपफर कंपनीच्या ए-१९९ या संचातही ड्रायव्हर तेवढा केसमध्ये असतो, टँक वेगळा. व्हीसीएस-३ (१९६९) आणि आर्प २६०० (१९७१) यांच्यात स्प्रिंग सिंथच्या पोटातच होती, आणि तो खणखणाट ज्यांच्या कानात बसला आहे त्यांना डिजिटल स्प्रिंग सहसा पटत नाही.

प्रश्न : डिजिटल रिव्हर्बचा मिक्स मध्यावर ठेवला की मूळ आवाज पातळ होतो. पूर्ण वेट असताना तसं होत नाही.

उत्तर : ड्राय सिग्नल दोन वाटांनी पोचतो आहे. बहुधा तुम्ही तोच आवाज मिक्सरवर थेटही घेतला आहे आणि रिव्हर्बमधूनही. मॉड्यूलच्या आतला ड्राय जर डिजिटल वाटेने जात असेल तर तो थोडा उशिरा निघतो. ४८ किलोहर्ट्झवर ६४ नमुन्यांचा उशीर म्हणजे १.३३ मिलिसेकंद. असे दोन आवाज मिसळले की ३७५ हर्ट्झला खड्डा पडतो, मग १,१२५ला, मग १,८७५ला, असे वरपर्यंत. सेंडवर वापरताना मॉड्यूल पूर्ण वेट ठेवा आणि ड्राय फक्त मिक्सरवरून घ्या. मूळ आवाज लगेच भरतो.

प्रश्न : रिव्हर्ब बसवल्यापासून सगळ्या केसमध्ये बारीक शीळ ऐकू येते.

उत्तर : डिजिटल मॉड्यूलच्या आतल्या क्लॉकच्या ठोक्यांचा करंट सामाइक ग्राउंडवरून इतरांच्या ऑडिओत शिरतो. रिबनवर कनेक्टर टोचून केलेल्या साखळी-केबलवर हे सर्वांत जास्त होतं. त्या मॉड्यूलला बसबोर्डवर (मॉड्यूलांना वीज वाटणारी पट्टी) सप्लायच्या सर्वांत जवळची जागा द्या आणि त्याची केबल आखूड ठेवा. फिल्टर आणि आउटपुट मॉड्यूल दुसऱ्या शाखेवर न्या. त्याआधी संगणकाची यूएसबी केबल काढून बघा. शीळ थांबली तर मॉड्यूल निर्दोष आहे, लूप यूएसबीतून बनतो आहे.

प्रश्न : म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं क्लाउड्स हे ग्रॅन्युलर (आवाजाचे बारीक तुकडे करून ते पुन्हा रचणारं) मॉड्यूल जुनं मिळतं आहे. निव्वळ रिव्हर्ब म्हणून घ्यावं का?

उत्तर : निव्वळ रिव्हर्ब म्हणून नको. १८ एचपी जातात आणि त्यातला रिव्हर्ब म्हणजे ब्लेंड नॉबच्या चार कामांपैकी एक. त्याला सीव्ही द्यायचा तर ब्लेंड त्याच कामावर ठेवावा लागतो, म्हणजे ड्राय-वेट हातून सुटतो. पॅरासाइट्स नावाच्या पर्यायी फर्मवेअरमध्ये ऑलिव्हर्ब हा पूर्ण रिव्हर्ब आहे आणि ते फर्मवेअर ऑडिओ फाइल इनपुटमध्ये वाजवून चढवता येतं. ग्रॅन्युलरचीही हौस असेल तर घ्या.

प्रश्न : १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि सीक्वेन्स. रिव्हर्ब चार सेकंदांचा. सगळा गाळ होतो. रिव्हर्ब बदलू का?

उत्तर : रिव्हर्ब बदलून उपयोग नाही. डिकेचे सेकंद म्हणजे आवाज ६० डेसिबल पडायला लागणारा वेळ. चार सेकंदांत ६०, म्हणजे सेकंदाला १५. तुमची पुढची किक अर्ध्या सेकंदाने येते, तोवर आधीची शेपूट जेमतेम साडेसात डेसिबल उतरलेली असते. तिच्यावर दुसरी, मग तिसरी. दीड सेकंदाचा डिके ठेवलात तर तेवढ्याच वेळात २० डेसिबल उतरतात.

किक सेंडवर पाठवूच नका, किंवा पाठवायचीच असेल तर रिव्हर्बच्या आधी हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) २०० हर्ट्झवर लावा. सीक्वेन्ससाठी प्री-डिले (शेपूट सुरू होण्याआधीचा विलंब) २० ते ४० मिलिसेकंद द्या, म्हणजे सुराचा आघात शेपटीपासून सुटा राहतो.

लांब शेपूट हवीच असेल तर ती किकच्या वेळी दाबा. रिव्हर्बच्या आउटपुटवर व्हीसीए लावा, स्टीरिओ असेल तर दोन. किकच्या ट्रिगरवर झटपट चढणारा आणि २०० ते ३०० मिलिसेकंदांत उतरणारा एन्व्हलप घ्या, तो अ‍ॅटेन्युव्हर्टरने उलटा करा, त्यात ५ व्होल्टचा ऑफसेट (स्थिर व्होल्टेज) मिळवा आणि व्हीसीएच्या सीव्हीला द्या. व्हीसीए रिव्हर्बच्या नंतर आहे ना ते पक्कं बघा. आधी लावलात तर आत जाणारा आवाज तेवढा थांबेल आणि जुनी शेपूट तशीच वाजत राहील. रिव्हर्ब ज्या चॅनलवर परत येतो त्याचा सेंड शून्यावर ठेवा. तो थोडा जरी उघडा राहिला तर रिव्हर्ब स्वतःलाच खाऊ लागतो, आणि पूर्ण केस घुमू लागल्यावर दोष कुठे आहे ते शोधताना हा नॉब सगळ्यात शेवटी आठवतो.